न खोदलेल्या बिळांची मालकी

उंदराच्या आधी कालवं आली.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पॅसिफिक जातीच्या कालवांची शेती चालते. उन्हाळ्यात मात्र या शेतीची पंचाईत होते. प्रजननाच्या दिवसांत कालवाची सगळी ताकद अंडी आणि वीर्य तयार करण्यात जाते आणि खाणाऱ्याच्या ताटात पचपचीत गोळा पडतो. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर तोड काढली. नुकत्याच फळलेल्या अंड्यांवर पाण्याचा प्रचंड दाब दिला की गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच आत राहतात. असं कालव वांझ निघतं आणि म्हणूनच बारा महिने भरलेलं राहतं. संशोधकांनी पेटंट मागितलं. नुसत्या पद्धतीवर नव्हे, खुद्द कालवावर.

३ एप्रिल १९८७ रोजी अमेरिकी पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळाने निकाल दिला. जिवंत प्राणी आहे एवढ्या कारणावरून पेटंट नाकारता येणार नाही, असं मंडळ म्हणालं. म्हणजे केवढं मोठं दार उघडलं! पण पुढच्याच परिच्छेदांत त्यांनी अर्ज फेटाळला. हाच प्रकार अमेरिकी जातीच्या कालवांवर करून झालेला होता आणि छापूनही आला होता. तो पॅसिफिक जातीवर करून पाहावा हे त्या धंद्यातल्या कोणालाही सुचण्याजोगं होतं. चार दिवसांनी पेटंट आयुक्त डोनाल्ड क्विग यांनी जाहीर केलं की यापुढे माणूस वगळता कुठल्याही प्राण्यावरचा अर्ज विचारात घेतला जाईल. ज्यांनी दार ठोठावलं ते बाहेरच राहिले, आणि वर्षभराने, १२ एप्रिल १९८८ रोजी, त्याच दारातून एक उंदीर आत गेला.

प्राण्यांच्या पेटंटवर आपल्याकडे लिहिलं जातं तेव्हा 'जिवावर मालकी सांगावी का' हा प्रश्न येतो. तो मोठा प्रश्न आहे आणि त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला खेचतो तो कालवांना बुडवणारा दुसरा, दिसायला रूक्ष प्रश्न: हे सुचायला डोकं लागलं का? गेल्या दोन-तीन दशकांत प्रयोगशाळेतल्या उंदरांवरून ज्या कोर्टकचेऱ्या झाल्या, त्यांत नीतीपेक्षा या प्रश्नाने जास्त वकील पोसले. आणि विज्ञान प्रत्यक्षात कसं घडतं याविषयी त्या खटल्यांनी जे सांगितलं, ते विज्ञानाच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही.

आधी एक गल्लत दूर करू. पेटंट म्हटलं की मराठी वाचकाला हळद आठवते. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकेत दिलेलं पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने १९९७मध्ये रद्द करून घेतलं. पण तिथला मुद्दा नवेपणाचा होता. आपल्या आज्या ते करतच होत्या, जुने कागद दाखवले, विषय संपला. आपल्या उंदरांची गोष्ट याच्या पुढची आहे. वस्तू नवी आहे, आधी कोणी केलेली नाही, हे सगळ्यांना मान्य असतं. तरीही विचारायचं असतं की नवी असली म्हणून काय झालं, उघडच होती ना?

'उघड' कोणाला? त्यासाठी कायद्याने एक माणूस कल्पिला आहे. त्या क्षेत्रातलं सर्वसाधारण कौशल्य असलेली व्यक्ती, असं त्याचं लांबलचक नाव. अमेरिकी वकील त्याची आद्याक्षरं जोडून त्याला 'फोसिटा' म्हणतात. या गृहस्थाने विषयावर जगात छापलेलं सगळं वाचलेलं असतं, कोणी न उघडलेल्या प्रबंधाच्या परिशिष्टासकट. त्याला सगळं आठवतं. फक्त स्वतःचं असं काही सुचत नाही. रॉबिन जेकब या इंग्लिश न्यायाधीशांनी २००४मध्ये एका निकालात लिहून टाकलं की हा माणूस खरोखर असता तर भलताच कंटाळवाणा असता, 'नर्ड' असता. २००७मध्ये केएसआर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला त्याची थोडी दया आली: तो काही यंत्र नव्हे, बेताची कल्पकता त्यालाही असते. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन सगळं पाहतो आणि तोंड उघडत नाही. याने सगळं वाचलेलं असतं आणि याच्या वतीने दोन्ही बाजूंचे साक्षीदार तोंड उघडतात.

न्यायाधीशाला करायचं असतं ते असं: शोध लागून दहा-पंधरा वर्षं उलटल्यावर, त्यातून औषधं निघाल्यावर, पाठ्यपुस्तकात त्याची आकृती आल्यावर, ते सगळं विसरायचं आणि अर्जाच्या तारखेला या कंटाळवाण्या माणसाच्या खुर्चीत जाऊन बसायचं. आपल्याकडे पश्चातबुद्धी असा सुंदर शब्द आहे. पेटंटच्या कायद्याची निम्मी मेहनत ती बुद्धी बाहेर ठेवण्यात जाते आणि ती मागच्या दाराने येतेच.

म्हणून अशा कज्ज्यांत सोन्याच्या मोलाचा कागद असतो तो नकाराचा. मारिओ कॅपेकी यांचंच बघा. युटा विद्यापीठातल्या या शास्त्रज्ञाने १९८०मध्ये अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडे, म्हणजे एनआयएचकडे, अनुदान मागितलं. प्रस्तावाचे भाग तीन. पेशीतलं नेमकं हवं तेच जनुक गाठून बदलण्याचा प्रयत्न हा त्यातला एक. परीक्षकांनी बाकीचे भाग उचलून धरले आणि याबद्दल बजावलं की हे होण्यातलं नाही, नाद सोडा. कॅपेकींनी पैसे घेतले आणि जवळजवळ सगळे त्याच नादावर उडवले. चार वर्षांनी त्याच विषयावर पुन्हा अर्ज केला तेव्हा, त्यांनी स्वतःच सांगितलंय, परीक्षकांनी कळवलं की तुम्ही आमचं ऐकलं नाहीत हे बरं झालं. त्या नादातून हवं ते जनुक बंद केलेले 'नॉकआउट' उंदीर निघाले आणि २००७चं नोबेल कॅपेकी, मार्टिन इव्हान्स आणि ऑलिव्हर स्मिथीज यांना मिळालं. आता पेटंटच्या नजरेने पाहा. ते पहिलं पत्र शास्त्रज्ञाच्या छातीत कट्यारीसारखं घुसलं असेल, पण न्यायालयात त्याच्यासारखा दागिना नाही. क्षेत्रातली जाणती माणसं 'होणार नाही' म्हणत होती, मग ते उघड कसं?

आता दारातून आत गेलेल्या उंदराकडे येऊ. हार्वर्डच्या फिलिप लेडर आणि टिमोथी स्ट्युअर्ट यांचा तो उंदीर. त्याला व्यापारी नाव मिळालं ऑन्कोमाउस. त्याच्या जनुकसंचात मिक नावाचं कर्करोगाला चालना देणारं जनुक घातलं होतं, आणि त्या जनुकाच्या आधी एका विषाणूचा तुकडा कळ म्हणून जोडला होता. स्तनाच्या ऊतींत तो तुकडा जनुक चालू करतो, मग मादीला गाठी होतात.

त्या कळीचा इतिहास उंदराहून जुना आहे. १९३६मध्ये मेन राज्यातल्या बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन बिटनर यांना दिसलं की कर्करोगप्रवण आईची पिल्लं जन्मल्याबरोबर दुसऱ्या, निरोगी वाणाच्या मादीला पाजायला दिली तर मोठेपणी त्यांना गाठी कमी होतात. दुधातून काहीतरी येत होतं. तो विषाणू निघाला. हेच दूध आणि याच गाठी १९४०च्या दशकात मुंबईत परळला तपासल्या जात होत्या. वसंत खानोलकर यांच्या हाताखाली पुण्याच्या कमल रणदिवे वेगवेगळ्या वाणांच्या उंदरांत स्तनाचा कर्करोग कमी-जास्त का होतो ते पाहत होत्या. १९४९मध्ये त्यांना मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. पुढे इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. त्या पिढीला उंदराचा वाण ही देण्याघेण्याची गोष्ट वाटायची: पत्र पाठवा, जोडी येईल. लेडर-स्ट्युअर्ट यांनी वापरलेली कळ अशा अनेक देशांतल्या, अनेक हातांच्या चाळीस-पन्नास वर्षांच्या कामातून आयती आली होती.

आणि जनुक उंदरात घालायचं तंत्र? तेही हजर होतं. १९८०मध्ये येल विद्यापीठात फलित अंड्यात बारीक काचेच्या नळीने डीएनए सोडून तो पिल्लात उतरवून झाला होता. १९८२च्या डिसेंबरात पामिटर आणि ब्रिन्स्टर यांनी 'नेचर'मध्ये राक्षसी उंदीर छापला. त्यात घुशीच्या वाढ-संप्रेरकाचं जनुक घातलेलं, अंगाने भावंडांच्या जवळपास दुप्पट. जगातल्या वर्तमानपत्रांनी तो फोटो उचलला. आता सांगा, वाढीचं जनुक घालून उंदीर वाढतो हे दिसल्यावर कर्करोगाचं जनुक घालून कर्करोग होतो का पाहावं, हे आपल्या कंटाळवाण्या माणसाला सुचलं नसतं? हार्वर्डचा अर्ज जून १९८४चा. त्याच वर्षी ब्रिन्स्टर यांच्या गटानेही विषाणूचं जनुक घालून मेंदूत गाठी होणारे उंदीर छापले. कल्पना हवेत होती.

माझं मत विचाराल तर कालवांना जी फूटपट्टी लावली ती या उंदराला लावली असती तर तोही दारात अडकला असता. निदान घाम फुटला असता. पण उंदीर आला तेव्हा सगळ्यांचं लक्ष त्याच्या मिश्यांवर होतं. युरोपात सतरा आक्षेपकांनी विरोध केला, त्यांतला मोठा आवाज नीतीचा. कॅनडात सर्वोच्च न्यायालयाने २००२मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की वरच्या दर्जाचा प्राणी ही 'वस्तू' होऊच शकत नाही. भारताने त्याच सुमारास कायद्यात कलम ३(जे) घालून प्राणी-वनस्पती सरळ वगळले. आपल्याकडे उंदरावर पेटंटच नाही, तेव्हा तो उघड की अनपेक्षित हा वादही नाही. या गदारोळात पेटंटातला एक शब्द बराच काळ दुर्लक्षित राहिला. प्रयोग उंदरांवर केले होते. अमेरिकेतला दावा मात्र उंदरावर नव्हता. तो होता माणूस सोडून सगळ्या सस्तन प्राण्यांवर. हत्ती, देवमासा, वटवाघूळ, सगळे आले. युरोपात हा पसारा आवरून 'फक्त उंदीर' इथपर्यंत यायला २००४ साल उजाडलं.

ही मूळ गोम आहे. बीळ एक खोदायचं आणि सातबारा सगळ्या डोंगराचा लिहून घ्यायचा. डोंगर पोखरून उंदीर काढणं ही म्हण आपण फुकट गेलेल्या श्रमांसाठी वापरतो. इथे एक उंदीर दाखवून डोंगर पदरात पाडून घेण्याची हौस आहे.

ती हौस किती महागात पडते याचा नमुना म्हणजे रिजेनेरॉन या कंपनीचा उंदीर. इथे जरा थांबायला हवं, कारण उंदीर खरोखर हुशारीचा आहे.

अँटिबॉडी कोविडने घरोघरी पोचवली. इंग्रजी वाय अक्षरासारखा तिचा आकार. वरची दोन टोकं दर अँटिबॉडीत वेगळी, ती शत्रूला धरतात. खालचा दांडा ठरावीक, तो बाकीच्या रोगप्रतिकारक यंत्रणेशी बोलतो. टोकांसाठी शरीराकडे जनुकांच्या तुकड्यांचा मोठा गठ्ठा असतो, आणि प्रत्येक पेशी पत्ते पिसावेत तसे ते पिसून आपला डाव लावते. अँटिबॉडीचं औषध करायचं तर उंदराला टोचून त्याच्याकडून बनवून घेणं सोपं. पण उंदराची अँटिबॉडी माणसाच्या अंगात परकी ठरते. मग उंदरात माणसाचेच पत्ते घालावेत, ही कल्पना कोणालाही सुचेल अशी. १९९४पर्यंत दोन अमेरिकी कंपन्यांनी तसे उंदीर केलेही, आपसात कज्जा करून १९९७मध्ये तो मिटवलाही. त्या उंदरांतून मोलाची औषधं निघाली. पण या वाटेने केलेल्या उंदरांची प्रतिकारशक्ती मंद पडायची. दांडाही माणसाचा, आणि माणसाचा दांडा उंदराच्या पेशीशी नीट बोलत नाही. दुभाषा नसलेली बैठक.

न्यूयॉर्कजवळच्या टॅरीटाउनमधल्या रिजेनेरॉनने फेब्रुवारी २००१मध्ये अर्ज केला तो असा: टोकं माणसाची घ्या, दांडा उंदराचाच राहू द्या, आणि हा बदल उंदराच्या जनुकसंचातल्या मूळ जागीच करा. उंदीर ठणठणीत राहील. औषध करताना दांडा माणसाचा जोडून घेता येतो, ते काम नळीत होतं. ऐकल्यावर वाटतं, त्यात काय! मला तर वाटलंच. पण सगळे संपूर्ण मानवी अँटिबॉडीच्या मागे धावत असताना कोणीतरी 'अर्धीच पुरे' म्हणणं हे साधं काम नव्हे. शेवटी औषध मानवीच हवं असताना उंदराचा दांडा मुद्दाम राखायचा म्हणजे उलट दिशेने चालणं.

केंब्रिजजवळच्या कायमॅब कंपनीने पुढे आपला उंदीर केला, त्यातही माणसाची टोकं आणि उंदराचा दांडा. रिजेनेरॉनने लंडनच्या न्यायालयात खेचलं. कायमॅबचा एक बचाव अर्थात हाच: पेटंट मुळात उघड गोष्टीवर आहे. न्यायमूर्ती हेन्री कार यांनी २०१६मध्ये तो फेटाळला. कल्पना उघड नव्हती. इथे रिजेनेरॉनच्या गोटात पेढे वाटले गेले असते, पण त्याच निकालपत्रात पेटंट रद्द झालेलं होतं.

इंग्लिश वकील या डावाला 'स्क्वीझ' म्हणतात. आपण अडकित्ता म्हणू. सुपारी मधे, दोन पाती. एक पातं विचारतं, हे उघड नव्हतं का? पेटंटवाला सांगतो, छे, महाकठीण होतं, जाणत्यांना जमलं नव्हतं. लगेच दुसरं पातं येतं: मग तुमचा कागद वाचून त्या जाणत्याला ते जमेल इतकं सगळं तुम्ही लिहिलंय ना? कारण पेटंट हा सौदा आहे. समाजाने वीस वर्षांची मक्तेदारी द्यायची, बदल्यात शोधकाने कृती पूर्ण उघड करायची. म्हणजे सकाळी 'किती अवघड' हे पटवायचं आणि दुपारी त्याच साक्षीदाराकडून 'किती सोपं' हे वदवून घ्यायचं.

रिजेनेरॉनची सुपारी दुसऱ्या पात्याखाली फुटली. माणसाच्या टोकांचा पूर्ण गठ्ठा हा डीएनएच्या लाखो अक्षरांचा. २००१च्या कागदात दिलेल्या कृतीने तो पूर्ण गठ्ठा उंदरात त्या वेळी बसवणं शक्य नव्हतं. फार तर एक छोटा तुकडा. कंपनीला स्वतःलाही पुढे टप्प्याटप्प्याने वेगळ्या युक्त्या कराव्या लागल्या. उंदराच्या जनुकसंचातली ६० लाख अक्षरं जागच्या जागी बदलल्याचा सविस्तर शोधनिबंध आला २०१४मध्ये. अपील न्यायालय २०१८मध्ये रिजेनेरॉनच्या बाजूने वळलं: उंदीर निरोगी ठेवण्याचं तत्त्व तर त्यांनी दिलं, तुकडा छोटा असो की मोठा, तत्त्व सगळीकडे तेच. पण २४ जून २०२० रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी पेटंट पुन्हा मोडलं. लॉर्ड ब्रिग्ज यांनी बहुमताचा निकाल लिहिला. त्याचा मथितार्थ असा की तत्त्व कितीही मोठं असो, ज्या पल्ल्यावर हक्क सांगता त्या पल्ल्यातली वस्तू अर्जाच्या तारखेला करता आली पाहिजे. लेडी ब्लॅक एकट्या विरोधात राहिल्या. त्याआधी युरोपीय पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळाने याच कुळातलं पेटंट कायम राखलं होतं. तोच उंदीर म्युनिकमध्ये मालकीचा आणि लंडनमध्ये मोकळा.

आयत्या बिळावर नागोबा, असं रिजेनेरॉन कायमॅबला म्हणत होती. कायमॅबचं उत्तर असं की हे बीळ तुम्ही खोदलंच नव्हतं, बोर्ड तेवढा लावला होता. मला दोघांचंही पटतं, आणि म्हणूनच हा निकाल वाचताना मी शेवटपर्यंत अस्वस्थ होतो. बहुमताचं तर्कशास्त्र चोख आहे. पण लेडी ब्लॅक यांच्या बाजूने एक साधी गोष्ट उरते: दांडा राखा, हे कोणीतरी आधी म्हणालं नसतं तर कायमॅबने कुठला गठ्ठा कुठे बसवला असता?

याच कुळातल्या पेटंटचा अमेरिकी अवतार आणखी विचित्र रीतीने मेला. तिथे प्रतिस्पर्धी होती नेदरलँड्समधल्या उट्रेक्टची मेरस. २०१४मध्ये खटला, पहिल्या दाव्यात एकच वाक्य: असा उंदीर, ज्याच्या मूळ अँटिबॉडी-जनुकांच्या जागी माणसाच्या टोकांचे न पिसलेले तुकडे घातले आहेत. दांड्याचा उल्लेखच नाही. वाक्य असं मोकळं ठेवलं की जाळ्यात जास्त मासे येतात, पण जुनं छापील साहित्यही त्याच जाळ्यात येतं, आणि ते जाळं फाडतं. मारिओ फ्रांझोसी या इटालियन प्राध्यापकांनी पेटंटच्या दाव्याला अंगोरा मांजर म्हटलं होतं. आपल्या त्याच जेकब न्यायमूर्तींनी २००८मध्ये ही उपमा निकालात घेतली. आधीच्या ज्ञानाशी गाठ पडली की मांजर अंग चोरून, केस चापून पडून राहतं. कोणी नक्कल केली असं वाटलं की केस फुलवून दुप्पट होतं. उंदरांच्या गोष्टीत मांजर हवंच होतं, ते असं सापडलं.

मेरसच्या खटल्यात मांजराला केस चापता आले नाहीत. उंदरात माणसाची टोकं घालण्याविषयी आधी छापलेले चार लेख रिजेनेरॉनच्या पेटंट-वकिलांना ठाऊक होते, युरोपातल्या कामकाजात ते पुढेही आले होते, पण अमेरिकी तपासनिसाला दाखवले गेले नाहीत, असं न्यायालयाने धरलं. ते समोर असते तर हे पेटंट मिळालंच नसतं. २७ जुलै २०१७ रोजी फेडरल सर्किट अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी पेटंट बजावणीला अपात्र ठरवलं. उघडपणाचा निवाडा करण्याआधी आपल्या कंटाळवाण्या माणसापुढे सगळं वाचन ठेवावं लागतं. इथे त्याच्या टेबलावरून चार लेख नाहीसे झाले होते.

तिसरा नमुना थोडक्यात, कारण त्यात उंदीर नंतर येतो. क्रिस्पर या जनुककात्रीवर डाउडना आणि शार्पांतिए यांचा निबंध जून २०१२मध्ये आला, परीक्षानळीतल्या प्रयोगांचा. काही महिन्यांत ब्रॉड संस्थेच्या फेंग झांग यांनी ती माणसाच्या आणि उंदराच्या पेशींत चालवून दाखवली आणि घाईच्या अर्जाने एप्रिल २०१४मध्ये पेटंटही मिळवलं. डाउडना यांचं कॅलिफोर्निया विद्यापीठ म्हणालं, आमचा निबंध वाचल्यावर पेशीत घालून पाहणं उघडच होतं. बघा, अनेक प्रयोगशाळांनी लगोलग केलं. ब्रॉडने पुढे केली ती डाउडना यांची स्वतःची जुनी वक्तव्यं: पेशीत हे चालेल की नाही याची खात्री नव्हती, अडचणी येत होत्या. सप्टेंबर २०१८मध्ये फेडरल सर्किटने ब्रॉडचं ऐकलं. ज्यांना दोन वर्षांनी नोबेल मिळालं त्यांच्या प्रामाणिक शंकेची किंमत पेटंटमध्ये चुकती झाली. विद्यापीठांचे कायदा विभाग आता मुलाखत देण्यापूर्वी शास्त्रज्ञांना काय शिकवत असतील याची कल्पना करवत नाही. पुढे आधी कोणाला सुचलं यावरचा दुसरा झगडा सुरू झाला; २०२२मध्ये पेटंट कार्यालयाच्या मंडळाने पुन्हा ब्रॉडच्या बाजूने कौल दिला, आणि मे २०२५मध्ये अपील न्यायालयाने तो प्रश्न फेरविचारासाठी मंडळाकडे परत धाडला.

दरम्यान, २०१३मध्येच, रुडॉल्फ येनिश यांच्या प्रयोगशाळेने क्रिस्पर वापरून एका फटक्यात अनेक जनुकं बदललेले उंदीर करून दाखवले. कॅपेकींच्या पद्धतीने ज्याला वर्ष-दोन वर्षं जात ते काही आठवड्यांवर आलं. आता जनुकाचं नाव सांगून उंदीर मागवता येतो. एखादं जनुक बंद केलेला साधा उंदीर आज कोणी पेटंटला नेला तर कंटाळवाणा माणूसही जांभई देईल.

मी या सगळ्यात कालवांच्या निकालाकडे परत परत जातो. त्या मंडळाने फारसं तत्त्वज्ञान केलं नाही. आधी काय छापलं होतं ते पाहिलं, आता काय केलंय ते पाहिलं, मधलं अंतर मोजलं आणि ते लहान आहे असं सांगितलं. उंदराच्या खटल्यांत अंतर मोजणं अवघड झालं, कारण तिथे अंतर दोन प्रकारचं निघालं: सुचण्याचं आणि जमण्याचं. कायद्याकडे पहिल्यासाठी पदक आहे. दुसऱ्यासाठी, म्हणजे रात्री-अपरात्री अंडी टोचणाऱ्या, शंभरातली नव्वद मरताना पाहणाऱ्या हातांसाठी, निबंधाच्या शेवटी आभाराची ओळ असते. पण उंदीर जिवंत राहतो तो त्या हातांमुळे, आणि ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने, जाणूनबुजून असेल-नसेल, विचारलं की हात कुठे होते. निकाल मला कठोर वाटतो तो एवढ्याचसाठी की या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी त्याने सुचणाऱ्याला रिकाम्या हाती पाठवलं. काही तरी मधलं द्यायला हवं होतं. छोट्या तुकड्यापुरता छोटा हक्क, समजा. पण तसा दावा रिजेनेरॉनने लिहिलाच नव्हता, आणि न लिहिलेलं न्यायालय देत नाही.

ज्या कालववाल्यांना १९८७मध्ये नकार मिळाला, त्यांतले स्टँडिश ॲलन पुढे शिमिंग गुओ यांच्याबरोबर रटगर्स विद्यापीठात चार गुणसूत्रसंचांची कालवं करण्याच्या मागे लागले. अशा कालवाचा साध्या कालवाशी संकर केला की तीन संचांचं पिल्लू आपोआप, दाब न देता मिळतं. त्याचं पेटंट त्यांना १९९८मध्ये मिळालं. तेवढं अंतर पुरेसं ठरलं.

आणि कायमॅब? निकालानंतर सात महिन्यांच्या आत, जानेवारी २०२१मध्ये, सानोफी या फ्रेंच कंपनीने ती सुमारे ११० कोटी डॉलर रोख आणि पुढच्या यशावर आणखी ३५ कोटींपर्यंत देण्याच्या बोलीवर विकत घेण्याचं जाहीर केलं. सानोफी ही रिजेनेरॉनची जुनी भागीदार. रिजेनेरॉनच्या उंदरातून निघालेलं, इसबावरचं डुपिलुमॅब हे औषध दोघी मिळून विकतात. कायमॅबबरोबर सानोफीच्या हाती जे आलं त्यातलं सर्वांत आशेचं औषध होतं अमलिटेलिमॅब, आणि तेही इसबावरचंच.